राखाडी रिमोट

दिवाळीनंतरच्या दिवसांत माहेरच्या समोरच्या खोलीचं दार ढकललं की आधी वास येतो, मग कापूस दिसतो. कोरडा, उन्हात तापलेला, सरकीची किंचित तेलकट झाक असलेला वास. घाटंजीकडच्या आमच्या गावात भाव बरा येईपर्यंत कापूस घरातच राहतो. ढीग खिडकीच्या गजांपर्यंत चढतो आणि घरातली माणसं उरलेल्या जागेत अंग चोरून वावरतात. यंदाही तसंच होतं. यवतमाळहून एसटीनं आले, पिशवी दाराशी टेकवली, आणि त्या वासाबरोबर कानांत टीव्हीतल्या ठोशांचे आवाज घुमायला लागले. माझं लग्न झालं, संसार मार्गी लागला, केसांत पांढरी बट आली, तरी कापसाचा वास आला की मला अजून वहिनीचा हेवा वाटतो.

दादा नोकरीला लागला तेव्हा नागपूरहून त्यानं व्हिडिओ गेमचा एक जुना डबा आणला होता. दोन माणसं समोरासमोर उभी राहून लाथाबुक्क्यांनी एकमेकांना लोळवतात, तो खेळ. डब्याबरोबर हातात धरायची बटणांची दोन यंत्रं होती, एक काळं, एक राखाडी. त्यांना शहाणे लोक काही वेगळं म्हणत असतील. आमच्या घरी टीव्हीचा तोही रिमोट आणि हाही रिमोटच. काळा माझा, राखाडी दादाचा. दादा सुटीवर आला की सतरंजीवर आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो आणि आई जेवायला हाका मारून दमायची. त्याच्या शेजारची ती वीतभर जागा माझी होती. तिथं कधी दुसरं कुणी बसेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी झरीकडची, सावळी, कमी बोलणारी. पहिल्याच दिवाळीत दादानं तिला त्या सतरंजीवर बसवलं, राखाडी रिमोट तिच्या हातात दिला आणि स्वतः मागे बसला. समोर मी, काळा रिमोट घेऊन, मार खायला. "आधी मारू नको," तो तिला हळू आवाजात सांगायचा. "मागं सरक. रोखून धर. तिचा वार हुकला का मंग मार." मी ऐकतच राहिले. मला त्यानं असं कधी शिकवलं नव्हतं. मी हाताला लागेल ते बटण बडवायची आणि तो हसायचा, एवढंच आमचं शिक्षण. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मले काहून नाई शिकवलं असं?" तर म्हणतो, "तुले कोण शिकवन वं? तू आयकतेस का कोनाचं?" आई हसली, बाबा हसले. वहिनी पदराआड हसली की नाही ते दिसलं नाही, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दादाला नागपुरात खोली मिळायची होती, म्हणून वहिनी संक्रांतीपर्यंत गावीच राहणार होती. निघताना तो बसमधूनच ओरडला, "संक्रांतीले येतो. दोघीतली जे जिंकन, थे माह्यासंग खेळन!" तो गमतीत बोलला. मी मात्र ते गाठीला बांधलं. जिंकायचं आणि आपली जागा परत घ्यायची, एवढंच मला दिसत होतं.

कॉलेजातून आले की मी मोबाइलवर व्हिडिओ लावून बसायची. त्यात कॉम्बो शिकवत. कॉम्बो म्हणजे एका फटक्यातून दुसरा काढायचा, दुसऱ्यातून तिसरा, समोरच्याला उसंतच द्यायची नाही. खेळात सरावासाठी एक पुतळा मिळतो. तो हलत नाही, उलट मारत नाही. त्या बिचाऱ्यावर मी अंगठ्याला फोड येईपर्यंत हात साफ केला. शेवटी एक लांबलचक, देखणी मालिका बसली. शेवटच्या लाथेला पुतळा उडून थेट भिंतीवर आदळायचा, आणि मला दरवेळी वाटायचं, हे बघायला दादा हवा होता.

एवढ्यात वेचणीचा कापूस घरात आला आणि सतरंजी गुंडाळावी लागली. मग आम्ही ढिगावरच बसून खेळायला लागलो. बसलं की माणूस हळूहळू खाली रुतत जातो, केसांत, चहात, पापण्यांवर तंतू येतात. माझा काळा रिमोट मी खेळ संपला की ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवी. राखाडी तिथंच कापसावर पडलेला असे. दुपारची भांडी आटोपली की वहिनी हात पुसत येई, "खेळू का ताई?" असं विचारी आणि तो उचलून घेई.

आणि खेळायची तरी काय? काहीच नाही. तिचा माणूस एक पाऊल पुढे येई, एक पाऊल मागे जाई. मी माझी मालिका घेऊन धावत जायची, माझी पहिलीच लाथ तिच्या नाकासमोर हवेत फिरायची, आणि मग खालून तिची एक लाथ. पुन्हा मी धावायची, पुन्हा ती पाऊलभर मागे, पुन्हा तीच लाथ. तसाच बारीक बारीक मार खाऊन मी आडवी व्हायची. इतकी सुंदर मालिका पुतळ्यावर बसायची आणि वहिनीवर बसायची नाही, याचा मला असा संताप यायचा की रात्रीचं जेवण गोड लागत नसे.

संक्रांतीला दादा आला. तिळगूळ झाला आणि आम्ही ढिगावर बसलो. त्याच्यादेखत मी तशीच हरले, तशाच एका लाथेनं. "वाह वं!" दादा म्हणाला. तो कौतुकाचा सूर आजवर फक्त माझ्यासाठी होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "वहिनीचा रिमोट चांगला हाये," मी ओरडले, "मले तो पाह्यजे!" वहिनीनं मुकाट्यानं तो माझ्या हातात ठेवला. मी ठोशाचं बटण दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं, तेही मुकं. मारायच्या सगळ्या बटणांत एक लाथेचं तेवढं जिवंत होतं. दादानं पेचकस आणून रिमोट उघडला, तर आतून समईची वात वळता यावी एवढा कापूस निघाला.

"काहून नाई सांगतलं वं?" त्यानं विचारलं.

"सांगाचं काय त्यात?" ती म्हणाली. "मागंपुढं होता येत होतं, रोखता येत होतं, एक लात होती." मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं म्हणाली, "ताई, तुमची लात कुठलोक येते, थेच पाहून राह्यली होती मी. नव्या घरात तेच तं पाहा लागते."

आई दारात उभी होती, ती आत गेली. दादा वहिनीकडे बघत राहिला. मला वाटलं होतं, आता तरी माझा जळफळाट शमेल. कसचं काय! तोवर मला तिच्या जिंकण्याचा हेवा होता, आता तिच्या त्या न बोलण्याचाही वाटायला लागला.

पुढे मी लग्न होऊन यवतमाळला गेले. तिथं सुरुवातीला माझं सगळं पुतळ्यावरच्या सरावासारखंच झालं. एका दमात स्वयंपाक, गप्पा, विनोद, सगळ्यांना जिंकायची घाई; आणि समोरची माणसं हलणारी. कोणाचा राग कुठवर पोचतो, कोणासमोर पाऊलभर मागे उभं राहावं, हे कळायला मला कैक वर्षं लागली. वहिनीला ते आमच्या घरात येतानाच येत होतं.

दादानं नोकरी सोडून घाटंजीला दुकान टाकलं, आणि ती दोघं गावीच राहिली. दादा आता खेळत नाही. दुपारी वहिनी एकटीच कधीतरी तो खेळाचा डबा लावते म्हणे. यंदाही मी आल्यावर तिनं तो काढला. कपाटातून माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला काळा रिमोट आणला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. राखाडी तिनं स्वतःकडे ठेवला.

"वहिनी, राखाडी द्या ना मले."

"नाई ताई. त्यात दरसाली कापूस जाते. तुमी पाव्हण्या, चांगला तुमी घ्या."

ती मायेनं बोलली. म्हणूनच ते इतकं लागलं. ती पहिली दिवाळी सोडली तर या घरात तिला कोणी चांगला रिमोट दिला नव्हता. घरच्या माणसाला जे पडलेलं असतं ते मिळतं, तसा तो तिला मिळाला होता, आणि मी इतकी वर्षं तिला उपरी समजत राहिले.

आम्ही ढिगावर बसलो आणि हळूहळू रुतलो. मी या खेपेला धावले नाही. पाऊलभर मागे सरकले, तीही सरकली. पडद्यावरची दोघं तेवढ्या अंतरावर मागेपुढे होत राहिली, बराच वेळ कोणीच मारलं नाही. बाहेरून दादाचा आवाज आला, "मॅच चालू हाये का झोपल्या?" वहिनी हसली. माझं लक्ष तिच्या अंगठ्याकडे होतं. राखाडी रिमोटच्या बटणांवरच्या खुणा पार पुसल्या होत्या, आणि लाथेच्या बटणाला तिच्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता. माझ्या हातातली बटणं अजून नव्यासारखी होती.