त्याच्या पेपरातली माझी तीन वाक्यं

धाराशिवला विद्यापीठाच्या उपकेंद्रात शिकायला आले तेव्हा मला एका जागी बसणं जमत नसे. वर्गात पाय हलायचा, बाकाचा खिळा वाजायचा आणि पुढची मुलगी वळून बघायची. वसतिगृहात कॉट खिडकीकडं ओढून झाली, मग भिंतीकडं, मग परत खिडकीकडं. आमच्या ईट गावी घर, शेत, गोठा अशा फेऱ्यांत दिवस सरायचा. इथं नुसतं बसायचं असायचं.

विद्यार्थी साहाय्य कक्षातल्या मॅडमनी बहुतेक ते हेरलं. बसच्या पासचा अर्ज द्यायला गेले तर म्हणाल्या, "पोरी, अक्षर बरं आहे तुझं. लेखनिक होशील का?"

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटचा एक विद्यार्थी होता. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. तो उत्तर सांगणार आणि मी लिहिणार. लेखनिक खालच्या वर्गातला आणि दुसऱ्या विषयाचा लागतो. तो इतिहासाचा, मी पहिल्या वर्षाला, रसायनशास्त्राची. त्यामुळं नियमात बसत होतं. मॅडमनी बजावलं, "तो सांगेल तेवढंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही." मी मान डोलावली.

मी त्याला दादा म्हणायचे, तो मला ताई. त्याच्या मोबाइलमधली बाई पुस्तकं इतक्या भरभर वाचायची की मला एक अक्षर कळत नसे. त्याला मात्र सगळं कळायचं. पण स्वतः बोलताना तो फार सावकाश. एक वाक्य सांगायचा आणि थांबायचा. ते थांबणं मला सोसायचं नाही.

परीक्षेला आम्हाला वेगळी खोली आणि एक तास जादा मिळाला होता. पर्यवेक्षक सर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पहिले दोन पेपर नीट गेले. तिसऱ्या पेपरात निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या काळाबद्दल प्रश्न होता. लोक गावं सोडून हद्दीपलीकडं का गेले, त्याची कारणं लिहा. दादानं दोन कारणं सांगितली आणि गप्प झाला. बोटं बाकावर फिरत होती. मला तिसरं कारण येत होतं. माझे वडील इतिहासाचे मास्तर, घरात हेच ऐकत मोठी झाले. पेन हातात नुसतं धरून बसवेना. मिनिट गेलं, दोन गेली. माझा पाय बाकाखाली हलायला लागला.

आणि मी लिहून टाकलं. तीन वाक्यं, तिसरं कारण.

"झालं," तो जरा वेळानं म्हणाला. "दोनच आठवली. वाच बरं एकदा."

मी वाचलं. त्याची दोन कारणं वाचली आणि माझी तीन वाक्यं गाळली.

"बराबर," तो म्हणाला. "पुढचा प्रश्न घे."

खोलीबाहेर आल्यावर मला वाटलं, भलंच केलं की. पण जेवायला बसले आणि ताट अर्धं टाकलं. मेसमधून उठून ग्रंथालयात गेले, तिथून कक्षाच्या दारापर्यंत, तिथून परत. दोन दिवस असंच. पुढच्या पेपरच्या आदल्या दुपारी तो ग्रंथालयाच्या पायरीवर भेटला आणि उभ्या उभ्याच मी सगळं सांगून टाकलं.

त्यानं मोबाइल बंद केला.

"वाचताना गाळलंस?"

"व्हय."

"म्हणजी म्या इचारलं, तवा तू खोटं बोललीस."



"दादा, चांगले मार्क पडतील त्या उत्तराला. कुणाला कळायचं न्हाय."

"मला कळलं की," तो म्हणाला. "आता त्या पेपरात माझं काय अन् तुझं काय? मास्तर झालो तर पोरांना काय सांगू? चल, मॅडमकडं."

मी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यानं माझ्या कोपराला हात लावला, रस्ता दाखव म्हणून, आणि आम्ही कक्षात गेलो. मॅडमनी ऐकून चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले. मग झाल्या प्रकाराचे दोघांचेही अर्ज लिहून घेतले. त्याचा मी लिहिला, माझाही मीच. त्याचा लिहिताना तो म्हणाला, "आता वाच." मी अक्षर न् अक्षर वाचलं.

तो पेपर रद्द झाला. लेखनिकांच्या यादीतून माझं नाव कमी झालं. उरलेले पेपर दुसऱ्या मुलानं लिहिले आणि रद्द झालेला पेपर दादानं पुढच्या सत्रात दिला. पास झाला, पण निकाल लांबल्यामुळं त्याचा बी.एड.चा प्रवेश एक वर्ष हुकला. हे मला मॅडमकडून कळलं.

ते वर्ष मी कसं काढलं, माझं मला ठाऊक. सुट्टीत ईटला गेले की दोन दिवसांत परत यावंसं वाटे आणि इथं आले की घरी जावंसं. आई म्हणायची, "काय गं, पायाला भिंगरी लागली का तुझ्या?"

पुढं तो प्रमाणपत्र न्यायला आला तेव्हा मीच कँटीनमध्ये त्याच्यासमोर जाऊन बसले. आवाजावरून त्यानं ओळखलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

"दादा, राग आला होता का?"

"आला की. लई आला. अजून बी हाय थोडा."

"मग चहा कशाला पाजताय?"

"राग हाय म्हणून चहा पाजायचा न्हाय व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही. तो जळकोटला गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेत होता, बी.एड.ला पुन्हा अर्ज केला होता. पोरं लई वांड आहेत म्हणाला. मग त्यानं माझं विचारलं, पेपर कसे गेले, पुढं काय करणार. मी उत्तर शोधत राहिले आणि तो थांबून राहिला, घाई न करता. चहा संपला. तुळजापूरच्या गाडीची वेळ झाली होती. मी त्याला स्टँडपर्यंत सोडलं आणि विद्यापीठापर्यंत रिक्षा न करता भर उन्हात चालत आले. इतकं चालूनही वर्गात बसवेना.