दुसऱ्या शेडचा नियम

इब्राहिम मुकादम सरांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या निमित्ताने झाली, पण मुलाखत अशी काही झालीच नाही. १९९८ सालची गोष्ट. गुहागरजवळ नवं कम्युनिटी कॉलेज निघतंय आणि वेल्डिंग शिकवायला माणूस हवा आहे, असं कळलं म्हणून मी रत्नागिरीहून एस.टी.ने आलो. कॉलेज म्हणजे जांभ्याच्या चौथऱ्यांवर उभ्या असलेल्या दोन पत्र्याच्या शेड आणि मध्ये अंगण. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले सर तिथे प्राचार्य म्हणून नुकतेच आले होते. मी जपून आणलेली प्रशस्तिपत्रकं त्यांनी न उघडताच टेबलावर ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "साळवी, चला, जरा बाजारातून जाऊन येऊ."

बाजारात सर प्रत्येकाला एकच विचारत होते, "तुमचं काय बिघडतं? आणि बिघडलं की कुठे जाता?" गिरणीवाला म्हणाला, मोटार जळली की चिपळूण. बंदरावरचे मच्छीमार म्हणाले, बोटीच्या इंजिनासाठी रत्नागिरी, नाहीतर थेट मुंबई. बागायतदार म्हणाले, डागी आंब्याचं करायचं काय, पडेल त्या भावाने देतो. परत येताना सर म्हणाले, "ज्या ज्या कामासाठी इथल्या माणसाला एस.टी. पकडावी लागते, ते काम इथे झालं पाहिजे. आपलं कॉलेज त्याच्यासाठी. उद्यापासून या." मला ते भाषणातलं वाक्य वाटलं. सर ते अक्षरशः पाळणार आहेत, हे कळायला वेळ लागला.

तेव्हा अंजनवेलच्या बाजूला विजेच्या मोठ्या प्रकल्पाचं काम जोरात होतं. प्रमाणपत्रवाला वेल्डर म्हटला की ठेकेदार त्याला उभ्या उभ्या घेऊन जात. साहजिकच माझ्या शेडपुढे रांग लागली आणि, खोटं कशाला सांगू, माझी कॉलर ताठ झाली. एका ठेकेदाराने तर निरोप धाडला, की सगळं कॉलेज वेल्डिंगचं करा, मशीन आम्ही देतो. सरांनी त्याला चहा पाजला आणि नम्रपणे नकार दिला. वर नियम काढला. सकाळी पहिल्या शेडमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्याने दुपारी दुसऱ्या शेडमध्ये आणखी एक काम शिकायचं. बोटीचं इंजिन, शीतकरणाची यंत्रं, फळप्रक्रिया, जे आवडेल ते. परीक्षा एकच. गिऱ्हाईकाने आणलेली बंद वस्तू चालू करून द्यायची किंवा केलेला माल बाजारात विकला जायला हवा. दोन्ही कामं येईपर्यंत प्रमाणपत्र नाही.

या हट्टाचं मूळ सरांच्या घरात होतं. त्यांचे वडील जहाजावर, पुढे तिघे भाऊ आखातात. घर भरलेलं, पण सगळं एकाच वाटेने येणारं. एकदा भावांची कंपनी बंद झाली आणि तिघेही एकाच महिन्यात घरी आले. "त्या दिवशी आईने भात टाकताना पातेलं बदललं, धाकटं घेतलं," सर म्हणाले. "मोठं पातेलं तिने फळीवर पालथं घातलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, साळवी. गाव एका कमाईवर उभं राहिलं तर सगळ्या घरांत एकाच दिवशी पातेलं बदलेल." हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी फार वाद घातला तेव्हा.

त्या नियमाचा सगळ्यात मोठा फटका बसला दिनेश आग्रेला. माझ्या शेडमधला सगळ्यात सरस हात. त्याने टाकलेला टाका पाहून मीच मनात म्हणायचो, हा आपल्याला मागे टाकणार. प्रकल्पावरून त्याला बोलावणं आलं, पण प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय घेणार नव्हते आणि दुसऱ्या शेडकडे तर दिनेश फिरकलाच नव्हता. सरांनी सही करायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई, पार्वतीकाकू, अंगणात येऊन उभ्या राहिल्या. शेतावरून थेट आल्या होत्या, पाय चिखलाने भरलेले.

"काय वो सर, माज्या पोरान काय घोडं मारलान तुमचं? हातातोंडाशी आलेला घास काडलात! आमच्यात कोन कदी होडीवर गेलाय? त्या इंजनावाचून काय अडलाय आमचं?"

सर उभे राहून ऐकत होते. काकूंचं बोलून झाल्यावर त्यांनी आतून पाणी आणवलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा राग बरोबर आहे. त्याची नोकरी जाता कामा नये. पण त्याचं शिकणंही अर्ध्यावर राहता कामा नये. दोन्हीचं मी बघतो."

"बगा तर मंग," काकू म्हणाल्या, "न्हायतर हितं पाय ठेवायची नाय मी." पाणी न पिताच त्या गेल्या.

सर त्याच दुपारी ठेकेदाराकडे गेले. प्रमाणपत्राऐवजी स्वतः हमी देऊन त्यांनी दिनेशला कामावर लावलं. बदल्यात दिनेशने रोज काम सुटल्यावर दुसऱ्या शेडमध्ये यायचं कबूल केलं. वेलदूरच्या बंदरावरचा मिस्त्री शिकवायला येई आणि शेड उघडायला सर स्वतः येत. दिनेश दमलेला असे, चिडलेला असे. "सर छळतात," असं तो मला तोंडावर सांगे आणि मी मान डोलावे, कारण माझंही मत तेच होतं. वर्ष सरता सरता त्याने एका मच्छीमाराचं बंद इंजिन सुरू करून दाखवलं आणि सरांनी तिथेच सही केली.

मग २००१ साली प्रकल्प बंद पडला. पोरं एकेक करून परत आली आणि एस.टी. स्टँडवर बसू लागली. कोणी मुंबईला जायचं म्हणत होतं, कोणी आखातात. माझ्या शेडमध्ये नवा विद्यार्थी येईना आणि आता आपलीही नोकरी जाणार, या धास्तीने माझं जेवणावरचं मन उडालं. बायकोला मी काही सांगितलं नव्हतं. सरांना मात्र न सांगता कळलं. त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, झालं, आता नारळ मिळणार. तर ते म्हणाले, "साळवी, नियम शिक्षकांनाही आहे. उद्यापासून दुपारी दुसऱ्या शेडमध्ये बसा. पगार चालू राहील." त्या दिवशी त्यांच्यापुढे माझे डोळे भरून आले. त्यांनी खिडकीबाहेर पाहत मला सावरायला वेळ दिला. मी शीतकरणाची यंत्रं शिकलो. आज त्याच विषयावर माझं घर चालतं.

"मी सांगत होतो ना?" असं सर कुणालाही म्हणाले नाहीत. ते एस.टी. स्टँडवर गेले, पोरांच्या शेजारी बाकावर बसले आणि पुन्हा तोच प्रश्न, काय बिघडतं आणि कुठे जाता? या वेळी उत्तरं द्यायला पोरंच पुढे झाली, कारण दोन कामं त्यांच्या हातात होती. दिनेशने वेलदूरच्या बंदरावर इंजिनदुरुस्तीचं दुकान टाकलं. आणखी दोघांनी मिळून मासळीसाठी बर्फाचा कारखाना सुरू केला आणि त्याची यंत्रं आमच्याच मुलांनी बसवली. डागी आंबा आता रस होऊन डब्यात जाऊ लागला. कोकम, काजू यांचंही तसंच. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही दुकानं चालली नाहीत, काही पोरं गेलीच. पण जी राहिली ती सगळी एकाच कामावर राहिली नाहीत. पुढे प्रकल्पाचं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा काही जण तिकडे गेले, काही म्हणाले, आम्हांला सवड नाही. ते ऐकून सर किती वेळ हसत होते!

पार्वतीकाकूंचं सांगायचं राहिलं. एक दिवस त्या अंगणात आल्या, आणि आल्या त्या थेट दुसऱ्या शेडमध्ये. "फळांचा वर्ग हाच ना?" म्हणाल्या. सरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. या वेळी त्या प्यायल्या. आज त्यांचं कोकम आगळ तालुकाभर जातं.

मागे एकदा मी सरांना धीर करून विचारलं होतं, "सर, तुमचा पहिला विषय गणित. दुसरा कोणता?" पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःचं नाव इंजिनदुरुस्तीच्या वर्गात घातलं. शिकवायला कोण, तर दिनेश! दर शनिवारी सर पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारून खाली बसतात. डिझेलच्या नळीत हवा का अडकते, हे ते असं समजावतात की ऐकत राहावं. पण त्यांच्या हातून अजून एकही इंजिन सुरू झालेलं नाही. ते दिनेशकडे पाहतात. दिनेश अदबीने, पण ठाम सांगतो, "सर, नियम तुमचाच हाय. गिऱ्हाईकाचं इंजन चालू झालं, की लगेच सही करतो."

यंदा सर पंच्याहत्तरीत आले. या गौरवग्रंथाच्या निमित्ताने आम्ही त्यांचे सगळे विद्यार्थी आणि सहकारी जमलो, तेव्हा दिनेशला बाजूला घेऊन मी बजावलं, की सहीची अजिबात घाई करायची नाही. सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, दर शनिवारी त्यांचे हात तेलाने काळे होत राहोत, आणि ते प्रमाणपत्र त्यांना मिळायला अजून खूप, खूप वर्षं लागोत.