मर्लने टाकून दिलेला शब्द

मर्ल हौगेनला गणितात कधी अडलंच नव्हतं, आणि हीच तिची अडचण होती. अमेरिकेतल्या डुलुथच्या आमच्या कॉलेजात अडलेल्यांना गणित शिकवायची एक खोली आहे, तिथे आम्ही दोघी शिकवायचो. समोरच्याचं घोडं कुठे अडलंय हे मर्लला कळायचं नाही. कळलं नाही की तिची चुळबुळ सुरू व्हायची, आणि मग ती आणखी भरभर समजवायची.

लोरीन माकी आमच्याकडे आली तेव्हा चाळिशीला टेकली होती. शाळेची बस चालवायची, पण तिला नर्स व्हायचं होतं. औषधाच्या डोसचा हिशेब करायच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर प्रवेश गेला असता.

जानेवारीत सराव परीक्षा चालू असताना ती मध्येच उठली, जॅकेट घेतलं आणि बाहेर पडली. मर्ल तशीच तिच्यामागे धावली. मी मर्लचा कोट घेऊन पोचले, तेव्हा दोघी लोरीनच्या गाडीपाशी बर्फात उभ्या होत्या.

"काय झालं?" मर्ल विचारत होती.

"आकडे दिसतात, बाई, पण वाचताच येत नाहीत. हात गार पडतात."

"अगं, कालच तर केलंस हे. सोपं आहे."

"तेच ते. तुम्ही सोपं म्हणालात की वाटतं, सोपंही जमत नाही म्हणजे मी मठ्ठच. चौथीत आमचे सर घड्याळ लावून पाढे म्हणायला लावायचे. चुकलं की उभं राहायचं. माझा अख्खा तास उभ्यानं जायचा. तुमच्या तोंडून तो शब्द आला की मी परत तिथेच उभी असते."

आत येताना मर्लने मला विचारलं, "मी खरंच इतक्यांदा म्हणते?"

"श्वास घेतेस तितक्यांदा," मी म्हटलं.

तो शब्द तिने टाकून दिला, पण गप्प राहणं तिला फार जड गेलं. परीक्षेच्याच हॉलमध्ये ती लोरीनला बिनमार्कांच्या छोट्या चाचण्या द्यायची, म्हणजे ती जागा अंगवळणी पडावी. लोरीनने आधी मनातली सगळी धास्ती कागदावर उतरवायची आणि तो कागद टोपलीत फेकायचा. मग काल शिकलेलं वही न उघडता आठवून सोडवायचं. चुकलं तर कुठे घसरलं ते लोरीननेच सांगायचं. तोवर मर्ल खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची.

एकदा गणितात एका म्हाताऱ्या पेशंटला पंचाहत्तर मिलिग्रॅमचा डोस द्यायचा होता आणि गोळ्या पन्नासच्या. लोरीनने लिहिलं, तीन. मर्लचे ओठ हलले, पण तिने ते मिटून घेतले.

"थांबा," लोरीन म्हणाली. "तीन दिल्या तर म्हातारा जायचा."

"कशावरून?"

"दोनमध्येच शंभर होतात. एक कमी पडते... दीड."

मर्लने नुसती मान हलवली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

परीक्षेच्या दिवशी ती हॉलबाहेर इतकी फिरत होती की मीच वैतागले. "अगं, परीक्षा तिची आहे."

"हो, पण मला आत जाता येत नाही ना."

लोरीन सगळ्यात शेवटी बाहेर आली. म्हणाली, "मध्ये एकदा सगळं कोरं झालं. पेन खाली ठेवलं. भीती काही गेली नाही, बाई, शेजारीच बसून होती. म्हटलं, बस तिथेच. आणि पुढचं गणित घेतलं."

ती पास झाली. आज इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे आणि अजूनही प्रत्येक डोसचा हिशेब दोनदा करते.

मर्लला मात्र चैन पडेना. अर्ध्यात सोडून गेलेले तिचे जुने विद्यार्थी एकेक करून तिला आठवायला लागले. त्या उन्हाळ्यात तिने त्यांना फोन लावले. बहुतेकांनी उचललेच नाहीत. बंदरावर काम करणारा ऑर्विल म्हणाला, "आता काय उपयोग? तेव्हाच जमलं नाही."

"तेव्हा मी नीट शिकवलं नव्हतं," ती म्हणाली. "येऊन तर बघ."

सप्टेंबरात तो आला आणि जॅकेट न काढता दारातच उभा राहिला.

"दाराजवळच बस," मर्ल म्हणाली. "वाटेल तेव्हा उठून जा. मी थांबवणार नाही."

त्या दुपारी तो दोनदा उठून गेला आणि दोन्ही वेळा परत आला.