सुहासचा माड

निर्मळला आमच्या शेजारच्या वाडीत जनाकाकू राहायची. सकाळी उठली की ती आधी माडांना भेटायची, देवाला नंतर. तरण्या माडाच्या खोडाला कान लावून, डोळे मिटून उभी. आपण काही बोललो की म्हणायची, "गप रे. आत कोणी जेवतंय का ते ऐकू दे." काकूला इथे उभं राहून आगाशीच्या माडातला किडा ऐकू येतो, असं मी गावभर सांगायचो. आगाशीचे लोक ते खरं मानून तिला बोलवायला यायचे, याला मी काय करणार?

जेवणारा म्हणजे सोंड्या भुंगा. हिरवी झावळी तोडली की ओल्या जखमेच्या वासावर मादी येते आणि तिथे अंडी घालते. अळी निघते ती आतच शिरते, खोड कुरतडत जाडजूड होते. वरून माड नवरदेवासारखा टवटवीत. मग झाडाच्याच काथ्याचा कोश करून अळी आत निजते, भुंगा होऊन उठते आणि शेजारच्या माडावर जाते. "घर खाऊन होतं, मग मेला शेजाऱ्याकडे जेवायला जातो," काकू म्हणायची. म्हणून पोखरलेला माड तिने कोणालाच ठेवू दिला नाही. तोडायचा, फोडायचा, जाळायचा. आमचा एक तोडायला लावला तेव्हा माझ्या बापाने तिच्याशी अबोला धरला. ती रोज कुंपणाशी येऊन त्या अबोल्याशी भांडायची.

तिच्या दारात सुहासचा माड होता. एकुलता एक मुलगा झाला तेव्हा त्याची नाळ पुरून तिने त्यावर रोप लावलं. दोघं बरोबरीने वाढले. सुहास कॉलेजात जायला लागला आणि काविळीने गेला. आमच्या घरांच्या रीतीप्रमाणे तिरडीवर त्याच्याच माडाची हिरवी झावळी घातली. कोयता काकूनेच आणून दिला. त्या दिवशी झाडाच्या जखमेचा विचार कोण करणार?

दिवाळीच्या सुमारास त्या खोडातून तांबूस रस गळायला लागला. सगळ्यांना दिसत होतं, बोललं कोणी नाही. काकू सगळ्या माडांना कान लावायची, तो एक सोडून. आणि कुंपणापलीकडे आमची नवी रोपं उभी होती.

एके सकाळी तिने मला हाक मारली.

"दिन्या, त्याला तू कान लाव. मला हल्ली कमी ऐकू येतं."

मी लावला. आत कोणीतरी ओली सुपारी चघळत होतं. देवाशपथ, हे वाढवून सांगत नाही.

"काही नाही काकू. शांत आहे."

ती म्हणाली, "जन्मभर थापा मारल्यास, एक धड जमली नाही तुला. जा, करवत आण."

खोड फोडलं तेव्हा आत भुसा आणि कोश. एक कोश तिने तळहातावर घेतला. "माझ्या लेकाच्या झाडाची गोधडी करून निजलाय," ती म्हणाली. बराच वेळ तो तसाच धरून होती. मग स्वतःच्या हाताने जाळात टाकला.

त्यानंतर तिने कुठल्याच माडाला कान लावला नाही. पुढे काही वर्षांनी तीही गेली. यंदा आमच्या त्या नव्या रोपांना पहिले नारळ धरले. एक घेऊन मी सवयीने कुंपण ओलांडलं, तर दाराला कुलूप.

आता सकाळी मीच खोडाला कान लावतो. "काही नाही काकू," म्हणतो, "शांत आहे." आणि आता ते खरं असतं.