रोडग्यांचे फोटो

निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला आणि सिंदी मेघेतल्या आमच्या सकाळी फिरणाऱ्या ग्रुपचा हक्काचा फोटोग्राफर झालो. या हुद्द्याचा मला फार अभिमान होता, हे आधीच कबूल करतो. आम्ही पाच जण. चौघं शेतकरी घरांतले, माझ्यासारखेच नोकरीतून सुटलेले. मी बौद्ध.

तो आठवडा सुरू तर झकास झाला. सोमवारी आमच्यातल्या बँकवाल्यानं ग्रुपवर भरल्या वांग्यांच्या कढईचा फोटो टाकला आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले. "एकटाच खाऊन राह्यला का बे?" "थांब, ताट घेऊन येतो." अर्ध्या तासात आम्ही चौघं खरोखरच त्याच्या दारात उभे. असा फोटो टाकला की बोलावणं गृहीतच, ही आमची रीत. बुधवारी नुसता चहा प्यायला गाडी काढून हायवेवर जाम गावच्या चौकात गेलो. मी ट्रकांचे फोटो काढत बसलो, बाकीचे माझी टिंगल करत बसले. मजा आली.

शुक्रवारी वडनेरला, आमच्यातल्या एकाच्या शेतात रोडगे होते. रोडगे म्हणजे माझा प्रांत. पोळीवर पोळी गुंडाळून घट्ट गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, हे मी आईच्या शेजारी बसून शिकलोय. मी बाह्या वर केल्या आणि परातीपाशी बसलो. शेतवाल्यानं माझं मनगट धरलं. अगदी मायेनं धरलं.

"तू राहू दे ना भाऊ. नैवेद्याचं हाय हे. तू फोटो काढ, तुयासारखं कोनाले जमते?"

कोणी मान वर केली नाही. एक जण एकाएकी निखारे फुंकायला लागला. मी उठलो, हात पुसले आणि फोटो काढले. चांगले काढले, याचाच मला जास्त राग आहे. वर तुपात बुडवून तीन रोडगे खाल्लेही.

शनिवारी दुपारी सगळे जुने फोटो काढून बसलो. कणीक मळणारे हात, वांगी चिरणारे हात, वरण ढवळणारे हात. माझा हात कुठंच नाही. इतके दिवस वाटायचं, कॅमेरा माझ्याकडे असतो म्हणून मी फोटोत नसतो. मग आमच्या नव्या घराचा गृहप्रवेश आठवला. चौघंही आले होते, पाकीट दिलं, घराची तारीफ केली आणि न जेवता गेले. उपास होता म्हणे. चौघांचाही, एकाच दिवशी. तेव्हा बायको म्हणाली होती, "पाह्यलं ना?" मी तिच्यावरच डाफरलो होतो.

रविवारी सकाळी गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या. रोडगे असे उतरले की पापुद्रे मोजून घ्यावेत. बायकोनं विचारलं, "कोनाले बोलावलं?"

"बोलावलं नाई. फोटो टाकतो. येतेत का पाहू."

खाली जाऊन तिनं सहा ताटं मांडली. मी एक रोडगा फोडला, वर तूप सोडलं, वाफेसकट फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मग खाली येऊन फोन पुढ्यात घेऊन बसलो, बारावीच्या निकालाची वाट पाहत बसावं तसा. या वयात.

एकामागून एक चार अंगठे आले. एकटाच खाऊन राह्यला का, असं कोणी विचारलं नाही. थोड्या वेळानं वडनेरवाल्याचा मेसेज आला, "मस्त फोटो. शुक्रवारचे बी टाकजो."

मी मान वर केली तेव्हा बायको चार ताटं उचलत होती.