अण्णांचं घड्याळ

नवी सिस्टर आज मनगटावर नवंकोरं घड्याळ घालून आली, आणि मला नांदेडच्या दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातला माझा पहिला दिवस आठवला. नोकरी लागली म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, उदगीरहून घड्याळ आणलं होतं.

"कोपराच्या खाली काहीच नको, बाई. लेकरं लई नाजूक हायेत," इन्चार्ज शाहीन सिस्टर म्हणाल्या.

मी हिरमुसून ते काढलं. त्यांनी ते स्पिरिटनं पुसलं आणि सेफ्टी पिनेनं माझ्या छातीवर उलटं टांगलं. "आता श्वास मोज."

मान खाली घातली, तर काटे सरळ दिसत होते. काचेच्या पेटीत तळहाताएवढी छाती वरखाली होत होती. अण्णांच्या घड्याळावर मी एक मिनिट मोजलं.

आज मीही म्हटलं, "काढ ते." आणि पोरीचा चेहरा पडायच्या आत खिशातली पिन पुढं केली.