खांदेमळणीचं आवतन

धावड्याच्या जयवंताबाईला वाटणी म्हणजे काय हे कोणी सांगायची गरज न्हाई. तिचा नवरा सांडू अन् दीर रामप्रसाद वेगळे निघाले तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, अन् एवढ्यावर थांबतील तर कशाचे भाऊ! बैलजोडीसुद्धा फोडली. एक बैल ह्या दावणीला, एक त्या. पण एका बैलावर नांगर चालतो का? चार दिवसांत अक्कल ठिकाणावर आली. भावाभावांचा अबोला कायम, पण नांगराला अन् पोळ्याला जोडी एक.

म्हणून पोराचा फोन आला तेव्हा बाई बिलकुल घाबरली न्हाई. सुमित दोन वर्षांपासून आफ्रिकेत बोअर पाडायच्या गाडीवर कामाला. तिथं देशातल्या देशातच लढाई पेटलेली. पोळ्याला घरी येणार होता, तिकीटही काढलं होतं. अन् मधेच तो राहतो त्या राज्यानं जाहीर केलं, आम्ही आता ह्या देशात न्हाई, आमचा देश वेगळा! मधला रस्ता बंद अन् विमानतळ राह्यलं पलीकडं.

"वेगळे निघाले म्हण की," जयवंताबाई म्हणाली. "निघू दे. आठ दिवसांत येतील वळणावर."

आठाचे चाळीस दिवस झाले. बाईचं जेवणात ध्यान न्हाई. रस्त्यावर गाडी थांबली की हातातलं काम टाकून ती दारात. पोराच्या आठवणीनं पार खंगली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, रामप्रसादनं त्याचा बैल आणून बांधला अन् सांडूकडं न बघता बाजूला उभा राह्यला. जयवंताबाई दोन्ही बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होती, तेवढ्यात सुमितचा व्हिडिओ कॉल आला. तिनं त्याला बैल दाखवले.

"बघ, जोडी एक झाली. तिकडं बी सणावाराला एखाद दिवस रस्ता उघडतच असतील. तेवढ्यात निघ, जल्दी."

सुमित बैलांकडंच बघत राह्यला.

"माय, इथं पोळा नसतो गं."

मंग जयवंताबाईनं दरसाल म्हणतात तेच बैलांच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." अन् हळदीच्या हातानं फोन तोंडाजवळ धरून पोरालाही तेच म्हटलं.

रामप्रसाद पुढं वाकला. "ये रे पोरा. मी अन् तुझा बाप, दोघं येतो न्यायला."

सांडूनं मान डोलावली. सुमित हो म्हणाला. कधी, ते कोणी विचारलं न्हाई.